दोरी चोवीस फूट

महिपत गुरुजी चुकले, असं वाक्य तळेकोंडात कोणी उच्चारलंच, तर ती उच्चारणाऱ्याची व्याकरणाची चूक धरली जायची. अडतीस वर्षं गुरुजींनी हायस्कुलात गणित शिकवलं होतं आणि वाडीतला चाळिशीपुढचा एकेक माणूस त्यांच्या हातून पास किंवा नापास होऊन बाहेर पडला होता. नापास झालेले तर त्यांना जास्तच मानायचे. साहजिकच आहे. गुरुजी चुकू शकतात असं एकदा कबूल केलं, की आपण उगाचच नापास झालो की काय, हा किडा डोक्यात शिरणार. त्यापेक्षा गुरुजी बरोबर आणि आपण ढ, हे सोयीचं.

सगुणा पस्तीस गुणांनी पास झालेली, म्हणजे ना इकडची ना तिकडची. आठवीनंतर शाळा सुटली, पुढे लग्न झालं आणि वरच्या आळीतून ती खालच्या आळीत, गुरुजींच्याच समोरच्या घरात येऊन पडली. नवरा बोटीवर स्वयंपाकी, वर्षातले नऊ महिने खाऱ्या पाण्यात. घर, घरापुढचं सारवलेलं लांबरुंद खळं आणि खळ्याच्या कडेला एक रातांब्याचं झाड, एवढं तिचं राज्य. त्या झाडाच्या रातांब्यांची आमसुलं त्याच खळ्यावर उन्हात वाळायची. तळेकोंडातल्या निम्म्या घरांची आमटी आणि मुंबईतल्या यच्चयावत तळेकोंडकरांची सोलकढी त्या एका झाडावर चालायची. सगुणाची जीभही आमसुलासारखीच होती, जराशी लागली तरी पुरायची.

तिच्या खळ्याच्या आणि गुरुजींच्या घराच्या मधोमध गावची सहाण. शिमग्यात देवीची पालखी देवळातून निघाली की ज्या ओट्यावर येऊन बसते, ती सहाण. आसपासच्या गावांत सहाण चौकोनी असते. तळेकोंडची गोल. मधोमध एक काळा पाषाण, त्याच्या भोवती मातीचा गोल ओटा, आणि त्या पाषाणाला जागचा हलवायचा नाही असा पिढ्यान्‌पिढ्यांचा दंडक. पूर्वेला सगुणाचं खळं, पश्चिमेला गुरुजी, दक्षिणेला हर्षदचा नवा बंगला आणि उत्तरेला देवळाकडे जाणारी वाट.

हा हर्षद म्हणजे तळेकोंड ग्रामस्थ मंडळ, मुंबई, याचा अध्यक्ष. लोकांच्या खऱ्या छताखाली खोटं छत बसवून देण्याचा त्याचा धंदा अंधेरीत जोरात चाले. बंगल्याच्या फाटकावर त्याने सिमेंटचे दोन सिंह बसवले होते. एकाचं तोंड कारागिराच्या हातून जरा बिघडलं होतं, त्यामुळे तो गुरगुरतोय की जांभई देतोय हे शेवटपर्यंत कळलं नाही. यंदा शिमग्याआधी सहाणेला जांभ्याच्या लाद्या बसवायच्या आणि सगळा खर्च मंडळाने करायचा, असं हर्षदने मुंबईहून जाहीर केलं. फुटाला फूट लादी. किती लागतील तेवढं गुरुजींनी काढून द्यावं. गुरुजींना तेवढंच निमित्त हवं होतं. निवृत्तीनंतर बारा वर्षांत त्यांना कोणी क्षेत्रफळ विचारलं नव्हतं.

आता सहाण गुरुजींच्या दारापासून चार पावलांवर. पण गणित हे जागेवर जाऊन करायचं नसतं, असं त्यांचं ठाम मत. त्यांनी खुर्चीत बसूनच विठू गवंड्याला फोन लावला. विठूच्या आजाने ही सहाण घातलेली, आणि आजाची दोरी अजून विठूकडे होती.

"विठू, सहाणेची दोरी किती आहे रे?"

"चोवीस फूट, गुरुजी."

"मधल्या पाषाणापासून कडेपर्यंतची ना?"

"होय तर. पाषाणाला घालायची न् कडेला फिरवायची."

"झालं तर मग. आता पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग."

"कोणाचा पाय, गुरुजी?" विठूने काळजीने विचारलं. "माझा हातभर हाय, तुमचा जरा लहान पडंल."

गुरुजींनी फोन ठेवला. असल्या अडाण्यांच्या हाती देशाचं बांधकाम आहे, असं ते कमळाकाकूंना, म्हणजे स्वतःच्या बायकोला म्हणाले, आणि त्यांनी बावीस सप्तमांशाला पाचशे शहात्तरने गुणलं. उत्तर आलं अठराशे दहा पूर्णांक दोन सप्तमांश. चिरेखाणीच्या मालकाने विचारलं की ही दोन सप्तमांश लादी कशी कापायची, तेव्हा हर्षदने मोठ्या मनाने अठराशे अकरा मागवल्या.

फोनवर दोघंही खरं बोलले होते, हीच तर गंमत. विठूची दोरी होती चोवीस फुटांचीच. पण त्याच्या घराण्यात दोरी दुहेरी धरायची चाल. एकेरी दोरी ताणते, फिरवताना पीळ सुटतो आणि गोलाचं अंडं होतं. म्हणून मधोमध दुमडायची, दुमड पाषाणात अडकवायची आणि दोन्ही टोकं एका मुठीत धरून फिरवायची. तेव्हा पाषाणापासून कडेपर्यंत अंतर भरतं बारा फूट. हे विठूला इतकं सरावाचं होतं की सांगावं असं त्याच्या मनातही आलं नाही. जेवताना घास तोंडात घातला, असं कोणी वेगळं सांगतं का?

सोमवारी सकाळी ट्रक आला. लाद्या उतरता उतरता दुपार झाली, दुपारची संध्याकाळ झाली. सहाणेच्या चारी अंगांना लाद्यांच्या भिंती उभ्या राहिल्या आणि मधली सहाण खड्ड्यात बसल्यासारखी दिसायला लागली. विठूने एक फेरी मारली, टोपी मागे सारली आणि म्हणाला, "आयला, ह्यात चार सहाणी होतील."

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी घरात गेले. तासाभराने बाहेर आले ते धुतलेला सदरा घालून.

"लाद्या बरोबर आहेत," गुरुजी म्हणाले. "सहाण लहान आहे."

ह्या वाक्यावर दुसऱ्या एखाद्या गावात हशा झाला असता. तळेकोंडात माना हलल्या. खरंच की, सहाण लहानच आहे, एवढी वर्षं आपल्या कसं लक्षात आलं नाही! पालखी बसली की ढोलवाल्यांना उभं राहायला जागा नसते. आणि हर्षदने तर अठराशे चौरस फुटांची भव्य सहाण, जिल्ह्यात एकमेव, असं मंडळाच्या व्हॉट्सॲपवर टाकूनही दिलं होतं. त्याला दोनशे माणसांनी हात जोडले होते. आता सहाण वाढवायची, एवढाच प्रश्न उरला. कुठल्या बाजूला वाढवायची, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. सगळे एकदम पूर्वेला वळून सगुणाच्या खळ्याकडे बघायला लागले.

"तिकडे मोकळंच आहे," गुरुजी म्हणाले.

सगुणा खळ्यात उभी राहून हे ऐकत होती. मोकळंच आहे! वर्षानुवर्षं शेणाने सारवून, चोपून, चार महिने पावसात गेलेलं पुन्हा उभं करून जे तिने राखलं, त्याचं नाव मोकळं. तिला वाटलं, तोंड उघडावं. पण गुरुजींचा आकडा होता. आकड्याशी कोण भांडणार? पस्तीस गुणवाली?

बुधवारी देवीला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. तुम्ही कोकणातले असाल तर गाऱ्हाण्याची खोड तुम्हाला ठाऊकच असेल. गुरवाने हात जोडून देवाला एकेक मागणी सांगायची आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागणीला एका सुरात "होय म्हाराजा" म्हणायचं. मागणी काय आहे ते ऐकायचं असतं असा नियम नाही. सूर पडला की होय म्हणायचं, बस.

"बा देवी म्हाराजा! आज तुझी लेकरां एक होऊन तुझी सहाण बांधतायत, ती सुखरूप शेवटाला ने रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"चाकरमान्यांच्या नोकऱ्या-धंद्यांना बरकत दे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"कोणाची वाकडी नजर पडली आसल ती बारा वाटांनी घालव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आन् सगुणाबायन आपल्या खळ्याची बारा फूट जागा न् रातांब्याचा झाड तुझ्या पायाशी वाहिलाय, तो मान करून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज सगुणाचा. तिचा आवाज पहिल्यापासूनच खणखणीत. म्हाराजा म्हणून झालं आणि तोंड मिटायच्या आधी तिला उमगलं की आपण कशाला होय म्हटलं. तिने आजूबाजूला पाहिलं. गुरव नारळ फोडत होता. बायका अक्षता टाकत होत्या. हर्षद मुंबईहून मोबाईलवर गाऱ्हाणं बघत होता आणि मोबाईलमधूनच टाळ्या वाजवत होता.

"मी कधी वाहिला?" ती म्हणाली.

"अगो, आत्ताच होय म्हणालीस ना," शेजारीण म्हणाली. "सगळ्यांनी ऐकला. तुझाच तर आवाज वरती होता."

देवासमोरचं होय मागे घेता येत नाही. माणसासमोरचं नाही मात्र केव्हाही होय करून घेता येतं, आणि ही सोय माणसांनीच करून ठेवलेली आहे.

शुक्रवारी यंत्राची करवत घेऊन दोघं जण आले आणि अर्ध्या तासात त्यांनी रातांबा आडवा केला. फांद्याफांद्यांना हिरवी फळं लगडलेली होती. अजून दीड महिना मिळता तर लालभडक झाली असती. हिरव्या रातांब्यांची आमसुलं होत नाहीत. तरीही सगुणाने पदराचा ओचा करून ती सगळी वेचली, घरात नेऊन जमिनीवर ओतली आणि त्यांच्याशेजारी बसून पोटभर रडली. तिच्या सासूने लावलेलं झाड होतं ते. सासूवर तिचं फारसं प्रेम नव्हतं, पण झाडावर होतं.

रविवारी विठू खळ्यावर आखणी करायला आला. बुधवारी हर्षद स्वतः मुंबईहून यायचा होता. त्याच्या हातची पहिली कुदळ पडली की खणती सुरू व्हायची. विठूला खळ्याकडे बघवत नव्हतं. मान खाली घालून त्याने पिशवीतून दोरी काढली, सवयीने दुमडली आणि पाषाणात अडकवून जुन्या सहाणेच्या कडेवर टोकं टेकवली.

सगुणा ओट्यावरून बघत होती.

"विठू, ती दोरी किती फूट रे?"

"चोवीस, वयनी."

"मग हतं बारा फुटांवर कशी संपली?"

"दुहेरी हाय ना. आजापासून अशीच धरतात."

"गुरुजींनी तुला काय विचारलान होता?"

"दोरी किती. मी सांगितला चोवीस."

सगुणा उठली. आत गेली, तांदळाचं पीठ घेतलं आणि परातीत दोन भाकऱ्या थापल्या. एक वितीएवढी, दुसरी तिच्या दुप्पट रुंद. भूक नव्हती. तिला फक्त बघायचं होतं. छोट्या भाकरीला एक मूठ पीठ लागलं. मोठीला तिने दोन मुठी घेतल्या, पुरेना. तीन घेतल्या, कडा फाटायला लागली. चौथी मूठ घातली तेव्हा भाकरी सारख्या जाडीची गोल झाली. तिने ती परातीत तशीच ठेवली आणि सरळ गुरुजींच्या ओटीवर जाऊन बसली.

तिने सगळं सांगितलं. दोरी, दुमड, विठूचा आजा, भाकरी. शब्दाला धार न लावता सांगितलं, कारण गुरुजी म्हातारे होते, चुकले असतील आणि चुकलेल्या माणसाला खाली मान घालायला लावण्यात तिला गोडी नव्हती. "तुमी एकदा परत करून बघा, गुरुजी. बारा धरून."

गुरुजी छताकडे बघत होते.

"आठवीत तुला गणितात किती गुण होते?"

"पस्तीस."

"मग?" गुरुजी म्हणाले. "आणि गणितात भाकरी आणू नये. त्रिज्या ही त्रिज्या असते, ती दुहेरी नसते. आकडा एकदा जाहीर झाला की झाला. दोनशे माणसांनी तो वाचलाय. तो बदलला तर उद्या लोक म्हणतील, ह्या माणसाने आम्हाला शिकवलं तरी काय?"

"आन् माझा खळा?"

"देवाचं काम आहे, सगुणा. तू होय म्हटलंयस."

कमळाकाकूंनी चहा आणून ठेवला. सगुणाने तो प्यायला, कप विसळून ठेवला आणि घरी आली. रात्री तिला राग असा आला नाही. गुरुजींची कीवच आली. बिचाऱ्याला अजून खरंच चोवीस वाटतंय, ती स्वतःशी म्हणाली. म्हातारपण वाईट. पण कीव आली म्हणून खळं देऊन टाकायचं, एवढी काही ती साधी नव्हती. मोठी भाकरी परातीतच कडक झाली होती. ती हातात धरून तिने पुष्कळ वेळ फिरवून बघितली.

बुधवारी ढोल आले, ताशे आले, हर्षद पांढऱ्या कपड्यांत आला आणि कुदळीला हळदकुंकू लागलं. सगुणा नवं लुगडं नेसून, हातात रांगोळीचा डबा घेऊन खळ्यात उभी. सगळ्यांना बरं वाटलं. बाई समजूतदार आहे म्हणाले.

"माझी काय ना नाय," सगुणा म्हणाली. "देवीला होय बोललेली हाय, मागे फिरणार नाय. घ्या काय ती बारा फूट. पण सहाण गोल हाय ना गुरुजी?"

"अर्थात. गोलच."

"मग माझ्या एकटीच्याच बाजूला कशी वाढतेय? ह्याला वर्तुळ बोलत नायत, पोट बोलतात."

ढोलवाले हसले. हर्षदने घसा साफ केला. "काकी, पाषाण हलवता येत नाही ना, म्हणून…"

"कोण सांगतंय हलव म्हणून? पाषाण हाय तिथंच ठेव. वर्तुळ म्हंजे मधल्यापासून कडा सगळीकडं सारख्या अंतरावर, ह्या गुरुजींनीच शिकवलानी. पस्तीसमधले दोन गुण त्याचेच मिळालेले मना. विठू, दोरी आण. दुमडू नको आज. एकेरी घाल."

विठूने एकदा गुरुजींकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि दोरी एकेरीच पाषाणाला बांधली. सगुणाने टोक हातात घेतलं आणि रांगोळी सोडत सुरुवात केली. आधी स्वतःच्याच खळ्यातून. रेषा ओट्याच्या पायरीपाशी पोचली, रातांब्याच्या बुंध्याला वळसा घालून पुढे गेली. तिने हात आखडता घेतला नाही. मग ती दक्षिणेला वळली. दोरी हर्षदच्या कुंपणावरून पलीकडे गेली आणि तिच्यामागोमाग सगुणा फाटकातून आत. रांगोळी संगमरवरी फरशीवरून धावली, गाडीच्या पुढच्या चाकांमधून गेली आणि फाटकावर परत आली तेव्हा जांभई देणारा सिंह सहाणेच्या आत होता आणि गुरगुरणारा बाहेर.

"काकी, हे काय!" हर्षद ओरडला.

"अठराशे फूट," सगुणा म्हणाली. "जिल्ह्यात एकमेव."

मग पश्चिम. गुरुजींच्या स्वयंपाकघराची खिडकी सहाणेवर उघडते. विठूने दोरीचं टोक खिडकीतून आत दिलं आणि सगुणा चपला काढून पुढच्या दाराने घरात शिरली. आतून भांड्यांचा आवाज आला आणि पाठोपाठ कमळाकाकूंचा.

"अगो सगुणा! माझ्या गॅसवर रांगोळी कसली काढतेस?"

"सहाण हाय, काकू. गॅस तेवढा सहाणेत आला. कुकर वाचला."

बाहेर पहिला हसला तो ताशेवाला. मग कोणालाच आवरेना. आठवड्याभरात ज्यांना सगुणाचं खळं मोकळं दिसलं होतं, त्यांना आता एकदम चोवीस फूट म्हणजे किती, हे दिसायला लागलं. देवीच्या कामाला जागा द्यावी हे खरं, पण देवीला तरी एवढी मोठी सहाण कशाला लागते, असं कोणीतरी म्हणालं. जुनी काय वाईट होती, असं दुसरं कोणीतरी म्हणालं. हर्षद सिंहाकडे बघत म्हणाला की मला तर आधीपासूनच शंका होती, आणि सगळे मिळून विठूला धरायला धावले. दोरी दुहेरी असते हे सांगायला तुझं तोंड शिवलं होतं का? विठू मुकाट्याने ऐकून घेत होता. गवंड्याचा जन्मच ऐकून घेण्यासाठी.

एवढ्यावर भागलं असतं. सगळा दोष विठूच्या डोक्यावर घालून गाव जेवायला गेला असता. पण हर्षदने गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि वडिलकीच्या सुरात म्हणाला, "जाऊ द्या, गुरुजी. वय झालं की होतं असं. तुमचा काय दोष?"

गुरुजींच्या अंगावर पाल पडली असती तरी ते इतके दचकले नसते.

"वय?" ते म्हणाले. "कोणाचं वय? माझं गणित चुकलं असं म्हणतोस तू? थांब."

ते तरातरा घरात गेले, गॅसवरच्या रांगोळीवरून, आणि एक जाड वही घेऊन बाहेर आले. गुरुजींची शिस्त अशी की केलेलं प्रत्येक गणित ह्या वहीत, वर वार आणि तारीख घालून. पान उघडून त्यांनी ते हर्षदच्या नाकासमोर धरलं.

"वाच. मोठ्याने वाच."

हर्षदने वाचलं. "सोमवार. त्रिज्या बारा फूट. बावीस सप्तमांश गुणिले एकशे चव्वेचाळीस. क्षेत्रफळ चारशे बावन्न पूर्णांक चार सप्तमांश चौरस फूट." उत्तराखाली लाल शाईच्या दोन रेघा होत्या.

"ट्रक आला त्याच संध्याकाळी मी सहाण स्वतः मोजली आणि ताळा करून ठेवला," गुरुजी छाती काढून म्हणाले. "महिपतचं गणित आजवर चुकलेलं नाही आणि चुकणार नाही."

टाळ्या पडल्या. खोटं सांगत नाही, कडकडून पडल्या. गावाच्या छातीवरचं ओझं उतरलं. गुरुजी बरोबर होते, आपण बरोबर पास झालो, बरोबर नापास झालो, जग जागच्या जागी होतं. हर्षदला भरून आलं. त्याने मंडळाने आणलेली शाल मागवली आणि ढोलवाल्यांना खूण केली.

सगुणा गुरुजींच्या दारात उभी होती. रांगोळीने तिचे दोन्ही हात पांढरे झाले होते.

"हर्षद," ती म्हणाली, "वार कुठला लिवलाय? परत वाच."

"सोमवार, काकी."

"माझा रातांबा कधी तोडलात?"

टाळ्या थांबायला थोडा वेळ लागला. मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं. मग त्याही थांबल्या.

"शुक्रवारी," विठू म्हणाला.

गुरुजींनी वही मिटली. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मला कोणी विचारलं नाही, सगुणा," ते म्हणाले. "कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

"रविवारी मी विचारलाय. तुमच्याच ओटीवर बसून."

सगुणा पायरी उतरून त्यांच्यासमोर आली. तिचा आवाज एरवीसारखा चढला नाही, पण शेवटच्या ताशेवाल्यापर्यंत पोचला.

"मना वाटला तुमी चुकलात. रात्रभर मना तुमची कीव आली. चुकला असतात ना गुरुजी, तर रातांब्यासकट पोटात घातला असता. माणूस हाय, चुकता. पण तुमचा बरोबर होता."

हर्षद शाल उलगडायच्या बेतात होता, तो तसाच उभा राहिला. आतून कमळाकाकूंनी खिडकीतली दोरी बाहेर टाकली आणि खिडकी लावून घेतली.